ऑन-रोड किमतीचे तीन रकाने

दसऱ्याच्या आधीचा आठवडा. पुण्यात बाणेर-वाकडच्या महामार्गालगत, नाशिकला मुंबई नाक्याच्या बाजूला, छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवर, कुठल्याही मोटारीच्या शोरूममध्ये गेलं तरी तीच लगबग दिसते. दारावर झेंडूची तोरणं, रांगेत उभ्या नव्या गाड्या, टेबलाभोवती बसलेली कुटुंबं. साडेतीन मुहूर्तांपैकी एकावर गाडी दारात यावी म्हणून कुणी मुदतठेव मोडलेली असते, कुणी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढलेले असतात. घरातली पहिली गाडी असेल तर सगळं घरच आलेलं असतं.

टेबलावर एक कागद येतो. शोरूमच्या भाषेत कोटेशन. सगळ्यात वर एक्स-शोरूम किंमत, सगळ्यात खाली ठळक अक्षरांत ऑन-रोड किंमत आणि दोन्हींच्या मध्ये दहा-बारा ओळी: आरटीओ, इन्शुरन्स, टीसीएस, फास्टॅग, एचपी, हँडलिंग, लॉजिस्टिक, इसेन्शियल किट, एक्स्टेंडेड वॉरंटी, टेफ्लॉन कोटिंग, आरएसए. एकाच टंकात, एकाखाली एक. यातली कुठली रक्कम सरकारच्या तिजोरीत जाते, कुठली विमा कंपनीकडे आणि कुठली शोरूमच्या खात्यात राहते, हे त्या कागदावरून कळत नाही. माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. कर नाकारता येत नाही, हे ग्राहकाला ठाऊक असतं. त्याच कराच्या खालच्या ओळीत हँडलिंग चार्ज छापला की त्यालाही कराचं वजन येतं. शोरूमची मागणी सरकारी वाटू लागते आणि माणूस मुकाट्याने सही करतो.

म्हणून हा कागद तीन रकान्यांत वाटून वाचायला हवा. पैसे कुणाला जातात आणि ही ओळ मी नाकारू शकतो का, हे दोन प्रश्न प्रत्येक ओळीला विचारायचे.

पहिला रकाना: सरकारचा

नेमकं बोलण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, ९ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीची, ११९७ सीसीची पेट्रोल गाडी आहे, ती व्यक्तीच्या नावावर घ्यायची आहे आणि बँकेचं कर्ज आहे.

महाराष्ट्रात मोटारीवर एकरकमी कर लागतो आणि त्याचा दर इंधनावर आणि किमतीवर ठरतो. पेट्रोल गाडी १० लाखांपर्यंतची असेल तर ११ टक्के, १० ते २० लाखांची असेल तर १२ टक्के, त्यावर १३ टक्के. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५ टक्के. कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर दर २० टक्क्यांवर जातो. १ जुलै २०२५ पासून सीएनजी गाड्यांचा कर एक टक्क्याने वाढला आणि कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. आपल्या उदाहरणातल्या गाडीला ९९,००० रुपये कर लागेल.

कर ही मोठी रक्कम आहे, पण ती सोडली तर सरकारी शुल्क फार थोडं असतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ८१व्या नियमाखालच्या कोष्टकात ते दिलेलं आहे. खासगी मोटारीच्या नोंदणीचे ६०० रुपये, स्मार्टकार्डचे २००, कर्जाचा बोजा चढवण्याचे, म्हणजे एचपीचे, १,५००. बेरीज २,३०० रुपये. उपकर आणि टपालाच्या रकमा वेगळ्या लागतात, त्या पावतीवर छापून येतात. कोटेशनवरची 'आरटीओ'ची ओळ कर अधिक या शुल्कांपेक्षा पाच-सात हजारांनी जास्त दिसली, तर ते जास्तीचे पैसे आरटीओत जात नाहीत. वाहन पोर्टलवर निघालेली करपावती मागावी. शंका तिथेच मिटते.

१० लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच गोळा करायचा आयकर, लागतो, तोही याच रकान्यातला. जून २०१६ पासून तो लागू आहे. पॅनवर जमा होतो, २६एएसमध्ये दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. अनेक पगारदार आणि निवृत्त माणसं हे पैसे गेले असंच समजतात आणि परताव्यावर पाणी सोडतात. १२ लाखांच्या गाडीत ही रक्कम १२,००० रुपयांच्या घरात जाते.

आता हँडलिंगकडे येऊ. 'आरटीओची कामं करायला आमचा माणूस जातो, त्याचे हे पैसे' असं शोरूममध्ये सर्रास सांगितलं जातं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. ४१व्या कलमानुसार, डीलर ज्या राज्यात आहे त्याच राज्यात नव्या गाडीची नोंदणी होणार असेल, तर नोंदणीचा अर्ज डीलरनेच करायचा असतो. डीलरने तो केला नाही तर कलम १९२-बी खाली त्याला वार्षिक कराच्या पंधरापट किंवा एकरकमी कराएवढा, यांपैकी जो जास्त असेल तो दंड आहे. नंबर लागल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यायची नाही, असंही हाच कायदा सांगतो. अधिकृत डीलरकडून घेतलेली नवी गाडी पहिल्या नोंदणीसाठी आरटीओत नेऊन उभी करण्याची अटही निघाली आहे. नोंदणी हे डीलरचं कायदेशीर कर्तव्य आहे. ती करून देण्याबद्दल ग्राहकाकडून वेगळे पैसे घ्यायला आधार उरत नाही. 'हँडलिंग चार्ज' नावाचं शुल्क मोटार वाहन कायद्यात नाही आणि नियमांतही नाही. राज्याच्या परिवहन आयुक्त कार्यालयाने असे पैसे घेणाऱ्या डीलरांवर कारवाई करण्याबाबत आरटीओंना याआधी कळवलेलं आहे. डीलरचा व्यवसाय ज्या ट्रेड सर्टिफिकेटवर चालतो, ते निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकारही नियमांनी परिवहन अधिकाऱ्यांना दिला आहे.

'लॉजिस्टिक' किंवा 'डेपो' ही ओळही अशीच तपासावी. कारखान्यातून शोरूमपर्यंतची वाहतूक एक्स-शोरूम किमतीत धरलेली असते, मग गाडी चाकणला बनलेली असो की गुरुग्रामला.

दुचाकीच्या बाजारात हे आणखी बोचतं, कारण तिथला ग्राहक लहान गावातला, पहिल्या पगारातून किंवा दुधाच्या पैशातून गाडी घेणारा असतो. दुचाकीसोबत आयएसआय मानकाचं हेल्मेट उत्पादकाने द्यायचं, असं केंद्रीय नियमांतला १३८वा नियम सांगतो. मागच्या सीटसाठी धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचं आच्छादन यांची सक्ती १२३व्या नियमात आहे. तरीही हेल्मेट आणि साडीगार्ड अॅक्सेसरीजच्या बिलात चढवून पैसे घेतले जातात.

दुसरा रकाना: विम्याचा

विमा सक्तीचा आहे. तो कुठून घ्यायचा, हे मात्र सर्वस्वी ग्राहकाने ठरवायचं असतं. ऑन-रोड किमतीत ही दोन वाक्यं एकमेकांत मिसळून जातात.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. त्याचा हप्ता सरकार ठरवतं आणि तो सगळ्या कंपन्यांना सारखाच असतो. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार तीन वर्षांसाठी १००० सीसीपर्यंतच्या गाडीला ६,५२१ रुपये, १००० ते १५०० सीसीला १०,६४० आणि त्यावर २४,५९६, वर जीएसटी. इथे घासाघीस होत नाही.

फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात, म्हणजे ओन डॅमेजमध्ये, आणि त्याला जोडलेल्या झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इनव्हॉइस अशा जोडकलमांत. हा हप्ता कंपनीगणिक बदलतो आणि त्यात विक्रेत्याचं कमिशन असतं. विमा नियामकाने २०१७ मध्ये डीलरांच्या विमाविक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली, तेव्हा मोटारीच्या ओन डॅमेज हप्त्यावर डीलरला मिळणाऱ्या मोबदल्याची मर्यादा १९.५ टक्के ठेवली होती. शोरूमचा आग्रह गाडीपेक्षा विम्याबाबत जास्त का असतो, हे या एका आकड्यावरून कळतं. त्याच तत्त्वांनुसार ग्राहकावर ठरावीक पॉलिसी लादता येत नाही.

'बाहेरचा विमा घेतलात तर आमच्याकडे कॅशलेस होणार नाही' हे वाक्य इथे हमखास कानावर येतं. कॅशलेसची सोय त्या विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे का, यावर अवलंबून असते. पॉलिसी कुणाच्या टेबलावर फाडली याचा त्याच्याशी संबंध नाही. आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, आणि जोडकलमं तीच ठेवून बाहेरून एक-दोन दर मागवावेत आणि शोरूमसमोर ठेवावेत. शोरूमचा हप्ता तिथल्या तिथे खाली आल्याचा अनुभव अनेकांना आहे. चालक-मालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही तपासून घ्यावा. तुमच्याकडे तशी स्वतंत्र पॉलिसी आधीच असेल, तर गाडीसोबत पुन्हा घ्यायची गरज नाही. जानेवारी २०१९ पासून ही मोकळीक आहे.

तिसरा रकाना: दुकानाचा

उरलेलं सगळं या रकान्यात येतं. फ्लोअर मॅट, मडफ्लॅप, सीटकव्हर, डॅशबोर्डवरचा गणपती आणि सुगंधी बाटली यांचं मिळून झालेलं इसेन्शियल किट. टेफ्लॉन, सिरॅमिक, अँटी-रस्ट. एक्स्टेंडेड वॉरंटी, रोडसाइड असिस्टन्स, सर्व्हिस पॅकेज. यातल्या काही गोष्टी उपयोगाच्या आहेत. वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर गाडी चालवणाऱ्याला वाढीव वॉरंटी घ्यावीशी वाटेल. कोकणात किनाऱ्यालगत राहणारा माणूस गंजाचा विचार करेल. पण त्या त्याने मागितल्या म्हणून बिलात याव्यात. 'हे सगळ्याच गाड्यांना बसवूनच येतं' असं सांगून त्या आपोआप चढू नयेत.

हे चढवताना जे बोललं जातं, त्यात मोठी ताकद असते. 'साहेब, नऊ लाखांची गाडी घेताय, पाच हजारांचं काय घेऊन बसलात?' बायकामुलांसमोर हे ऐकलं की माणूस गप्प बसतो. नऊ लाखांशी तुलना केली की पाच हजार खरंच क्षुल्लक वाटतात. तसे पाच-सहा पाच हजार गोळा झाले की तीस हजार होतात आणि ते बहुतेक वेळा कर्जात जातात. नऊ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडताना त्या तीस हजारांचे सुमारे ३७,४०० रुपये भरावे लागतात. शोरूमबाहेर हीच रक्कम खर्च करायची असती, तर घरात दोन दिवस चर्चा झाली असती.

दुसरा दबाव मुहूर्ताचा. गुरुजींना सांगून झालेलं असतं, सासरची मंडळी येणार असतात, उद्या पाडवा. अशा वेळी शेवटच्या हिशेबात एखादी नवी ओळ निघते. बुकिंगच्या दिवशी तोंडी सांगितलेला आकडा आणि डिलिव्हरीच्या आदल्या दिवशीचा आकडा वेगळा असतो. मुहूर्ताला गाडी हवी ही इच्छा सुंदर आहे. मात्र व्यवहाराचा कागद त्याच्या बराच आधी पक्का व्हायला हवा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्याआधी २८ टक्के आणि वर उपकर होता. त्या घटीने हजारो कुटुंबांच्या आवाक्यात गाडी आली. करातली ती सवलत तिसऱ्या रकान्यात परत जाऊ द्यायची नसेल, तर कागद वाचण्याची सवय आत्ताच लावून घ्यायला हवी.

डीलरची बाजूही समजून घेऊ

शोरूममधला मुलगा आपला शत्रू नाही. तो बहुधा वीस-बावीस हजारांवर काम करणारा, महिन्याच्या टार्गेटखाली दबलेला तरुण असतो. विमा, अॅक्सेसरीज आणि कर्ज विकल्यावर मिळणाऱ्या इन्सेंटिव्हवर त्याचं घर चालतं. डीलरचंही गणित कठीण आहे. गाडीवरचं मार्जिन साधारण तीन ते पाच टक्के. महामार्गालगतच्या जागेचं भाडं, बँकेकडून उचल घेऊन भरलेल्या स्टॉकचं व्याज आणि पगार त्यातून निघत नाहीत, अशी डीलरांची तक्रार असते. जीएसटी बदलला तेव्हा जुन्या उपकराची जमा रक्कम अडकल्याचं दुखणंही त्यांनी जाहीरपणे मांडलं होतं.

किमतीवर डीलरचा ताबा किती, यावर भारतीय स्पर्धा आयोगाच्या एका प्रकरणाने प्रकाश टाकला. महाराष्ट्रातल्या डीलरांना जास्त सवलत द्यायला मनाई केली जाते, अशा निनावी ई-मेलपासून चौकशी सुरू झाली. कंपनी ग्राहक म्हणून खोटी माणसं शोरूममध्ये पाठवून, जादा सवलत देणाऱ्या डीलरांना पकडून दंड करत होती, असा निष्कर्ष आयोगाने काढला आणि २३ ऑगस्ट २०२१ रोजी मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केलं. डीलरला गाडीच्या किमतीत हात घालता येत नसेल, तर तो कमाई इतर ओळींतून शोधणार, हे उघड आहे.

पण जबाबदारीची वेळ आली की कंपनी आणि डीलर दोन वेगळे व्यावसायिक ठरतात. गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ चं मॉडेल म्हणून पैसे भरले, हाती आली २००९ ची गाडी. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डीलरच्या कृत्याची माहिती टाटा मोटर्सला होती हे सिद्ध होत नाही, म्हणून कंपनीला जबाबदार धरता येणार नाही, असा निर्णय २०२१ मध्ये आला. डीलरने घेतलेल्या जादा पैशांसाठी झगडायचं ते बहुधा डीलरशीच, हे त्यातून उमगतं.

डीलरला जगायला पैसे हवेत, हे मान्य. ते त्याने गाडीच्या किमतीत उघडपणे मागावेत. सेवेचं नाव लावून, कराच्या ओळीआड ठेवून मागू नयेत.

दुसऱ्या देशात काय घडलं

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी माणसांना 'डॉक फी' चांगलीच परिचयाची आहे. कागदपत्रं तयार करण्याचे हे पैसे. कॅलिफोर्नियात कायद्याने त्यावर ८५ डॉलरची मर्यादा घातली. फ्लोरिडात मर्यादाच नाही, तिथे हेच पैसे शेकडो डॉलरमध्ये जातात. अमेरिकेत १९५८ च्या कायद्यामुळे प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर किमतीचा तपशीलवार कागद चिकटवावा लागतो. तरी जादा पैसे थांबले नाहीत, कारण ते त्या कागदानंतर, सहीच्या टेबलावर लावले जातात. संघीय व्यापार आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये यावर नियम जाहीर केला, पण जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने प्रक्रियेतल्या त्रुटीवरून तो रद्द केला. त्यानंतर कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी स्वतःचा कायदा केला. यातून घेण्यासारखं एवढंच, की गाडीची किंमत जाहीर करून भागत नाही. शेवटी द्यायची सगळी रक्कम तपशिलासह, आणि सहीआधी, जाहीर करावी लागते.

सहीआधी आणि सहीनंतर

बुकिंगचे पैसे देण्याआधी ओळवार कोटेशन ई-मेलवर मागवा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या आकड्यावर थांबू नका. बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील, हेही त्याच ई-मेलमध्ये असू द्या. त्याच कंपनीच्या दुसऱ्या शोरूममधूनही कोटेशन घ्या आणि तुलना सवलतीच्या आकड्याची न करता एकूण बेरजेची करा. एका हाताने दिलेली वीस हजारांची सूट दुसऱ्या हाताने किटमधून परत घेतली जाते.

नको असलेल्या ओळीवर काट मारून कोटेशन परत पाठवा. पैसे डीलरशिपच्या बँक खात्यातच भरा. सेल्समनच्या वैयक्तिक यूपीआयवर काहीही पाठवू नका. प्रत्येक रकमेचं जीएसटी क्रमांक असलेलं बिल मागा. हँडलिंगच्या पैशांचं असं बिल द्यायची वेळ आली की ती ओळ गळून पडल्याची उदाहरणं आहेत. साधी 'मनी रिसीट' पुरेशी मानू नका.

मुहूर्त तोंडावर आहे आणि पैसे भरावेच लागले, तर त्याच दिवशी ई-मेल करा: 'ही रक्कम मी निषेध नोंदवून भरत आहे.' या एका ओळीला पुढे पुरावा म्हणून मोल येतं. नंतर कंपनीच्या ग्राहक कक्षाला आणि पावतीसह आरटीओला लेखी तक्रार करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. विमा लादला असेल तर बीमा भरोसा पोर्टलवर वेगळी तक्रार करता येते.

तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. एक वस्तू देताना दुसरी वस्तू किंवा सेवा घेण्याची अट घालणं हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या निर्बंधक व्यापार प्रथेच्या व्याख्येत स्पष्टपणे बसतं. मोबदल्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यातच ऐकली जाते. ५ ते १० लाखांच्या व्यवहाराला शुल्क २०० रुपये. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवरून भरता येतो.

मागणी

हे सगळं प्रत्येक ग्राहकाने एकट्याने करावं, अशी अपेक्षा ठेवणं न्यायाचं नाही. ज्याला इंग्रजी कोटेशन वाचता येत नाही, ज्याच्या ओळखीचं कुणी आरटीओत नाही, त्याच्याकडूनच सगळ्यात जास्त ओळी वसूल होतात. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, तेव्हा सुटा ग्राहक बाजारात दुबळा असतो, या जाणिवेतून माणसं एकत्र आली होती. गाडीच्या बाजारात ती जाणीव अजून पोचायची आहे.

इथे एक उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी एक तथ्यपत्रक सक्तीचं केलं. व्याजासह सगळे खर्च त्यात एका जागी द्यायचे आणि त्यात न लिहिलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर घ्यायचं नाही. म्हणजे गाडीच्या कर्जाला असा कागद आहे आणि खुद्द गाडीला नाही. हॉटेलच्या बिलात सेवाशुल्क आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती उचलून धरली. जेवणाच्या बिलासाठी जे झालं, ते आयुष्यातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या खरेदीसाठी करायला हरकत काय?

राज्याच्या परिवहन विभागाने गाडीच्या कोटेशनचा एकच नमुना ठरवून द्यावा, मराठीत. त्यात तीन रकाने असावेत: सरकारला जाणारे पैसे, विमा कंपनीला जाणारे पैसे आणि दुकानाकडे राहणारे पैसे. तिसऱ्या रकान्यातली प्रत्येक ओळ कोरी असावी आणि ग्राहकाने स्वतःच्या हाताने खूण केली तरच भरली जावी. बुकिंगआधी दोघांच्या सह्या व्हाव्यात आणि त्या कागदाबाहेरची रक्कम घेतल्याचं सिद्ध झालं तर ट्रेड सर्टिफिकेटवर कारवाई व्हावी. प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्या डीलरला यात काही गमवावं लागणार नाही. उलट, आज कमी किंमत दाखवून मागून वसुली करणाऱ्या शेजाऱ्यापुढे तो हरतो, ते थांबेल.

तो नमुना येईपर्यंत कोऱ्या कागदावर दोन उभ्या रेषा ओढायला कुणाची परवानगी लागत नाही. पुढच्या पाडव्याला गाडी घेणार असाल तर कोटेशनची प्रत्येक ओळ त्या तीन रकान्यांत उतरवून काढा आणि तिसऱ्या रकान्याची बेरीज शोरूममध्ये, सगळ्यांसमोर, मोठ्याने विचारा.